कोपऱ्यातलं पाकीट

“बाई, मेल जात नाही की येत नाही? दोन्हीतलं नक्की काय ते सांगा!”

“ओरडतेस कशाला? जातही नाही आणि येतही नाही!” बाई माझ्या दुप्पट आवाजात म्हणाल्या.

शिवणाच्या बाईंशी बोलायचं म्हणजे आधी घसा तयार करून यावं लागायचं. त्यांची सगळी नोकरी शाळेच्या शिवणवर्गात गेली. एका लांबट खोलीत पायाने चालवायची यंत्रं दिवसभर खडखडायची आणि त्या खडखडाटात बाईंचे कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही. फोन असून नसल्यासारखा. ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा मोबाईल फक्त बोलण्यापुरते होते आणि पत्र घरच्या कॉम्प्युटरवर यायचं. बाईंची एकुलती एक लेक समुद्रापलीकडे राहायची. मायलेकींमध्ये जो काही धागा उरला होता, तो या कॉम्प्युटरमधून जायचा.

मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते. कोपऱ्यावर माझं दुकान आहे, दुकान कसलं, एक खोली आणि वायरींचं जंगल. लोकांना वाटतं, हिला सगळं कळतं. डोंबलाचं कळतं! अर्धा वेळ मी यंत्राकडे बघत नुसती हं हं करत असते आणि मनात म्हणत असते, काय झालंय रे बाबा तुला?

त्या दिवशी मात्र चटकन सापडलं. पाठवलेला मेल आधी आऊटबॉक्स नावाच्या खणात पडतो आणि तिथून पुढे जातो. बाईंच्या त्या खणात एक अवाढव्य मेल दारात म्हैस बसावी तसा बसला होता आणि त्याच्यामागे बाकीचे मेल मुकाट उभे होते.

“एवढं काय पाठवलंत हो यात?”

“फ्रॉक.”

“फ्रॉकचा फोटो?”

“फोटो कशाला? फ्रॉकच ठेवला काचेवर. वरून झाकण दाबलं.” बाईंनी स्कॅनरकडे बोट दाखवलं. “सगळ्यात बारीक दिसेल असं लावलं होतं मी. टाके दिसायला नकोत का?”

मी कपाळावर हात मारला. शिवणाच्या बाई त्या! दुसरा कोणी असता तर त्याने चारचौघांसारखा फोटो काढला असता. पिवळा, तान्ह्या मुलीच्या मापाचा तो फ्रॉक शेजारीच घडी करून ठेवला होता. गळ्याभोवती हाताने घातलेल्या टाक्यांची वेल होती, इतकी बारीक की जवळ नेल्याशिवाय दिसू नये. लेकीचा पहिला फ्रॉक.

मी ते चित्र लहान करायला घेतलं तशा बाई अस्वस्थ झाल्या. “अगं, टाके गेले की! नुसता पिवळा बोळा दिसतोय!”

“टाके पाहिजेत की फ्रॉक पोचायला पाहिजे?”

बाईंनी ‘कर’ म्हणून हात हलवला. मेल गेला. मागचेही सगळे भराभरा गेले. मग बाईंनी न विचारताच सांगून टाकलं. लेक निघाली तेव्हा म्हणाली होती, तूही चल माझ्याबरोबर. आणि बाई म्हणाल्या होत्या, तुझ्या घरात मोलकरीण म्हणून येऊ का?

“जिभेला हाड नसतं गं,” बाई म्हणाल्या. “बॅग उचलली आणि गेली. मी तिला दारापर्यंतही सोडायला गेले नाही. हा कॉम्प्युटर तिनेच घेऊन दिलेला, जाण्याआधी. जुन्यावरचं सगळं यात मांडून दिलं, पासवर्डसुद्धा तिनेच ठेवलेला, जुनाच. आता मी लिहिलंय, चुकलं माझं म्हणून. फ्रॉक पाठवलाय. एकदा नमलेय. पुन्हा नाही नमणार. तिला यायचं असेल तर येईल उत्तर.”

आईच ती, हट्टी तर हट्टी. मी म्हटलं, “येईल हो. बघा तुम्ही.”

खाली उतरताना जिन्याजवळच्या खोलीतून हाक आली. “पोरी, झालं का बाईंचं काम?”

टपालकाका. जन्मभर पोस्टमन होते, आता बायकोमागे एकटेच राहतात. दार सताड उघडं टाकून सकाळभर बाईंनी दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात, दुपारी जेवण झालं की तो बंद करून झोपतात. नवा आला तेव्हा बाईंनी जुना खाली पाठवून दिला होता. निरोप समारंभात काका म्हणाले होते, मी पिशवी रिकामी करून परत देतोय, एका माणसाचं एक पाकीट माझ्याकडे राहिलेलं नाही. हे वाक्य आमच्या इमारतीत प्रत्येकाने निदान दहादा ऐकलंय. पिशवी खात्याने परत घेतली, तर काकांना खांदा हलका वाटून चालताच येईना, एका बाजूला कलायला लागले. शेवटी बाईंनी त्याच मापाची, त्याच खाकी रंगाची पिशवी शिवून दिली. आता तिच्यातून भाजी येते.

“झालं, काका,” मी म्हटलं.

“टपाल थांबलं की माणूस थांबतो बघ,” काका म्हणाले आणि राजावर राणी ठेवली.

महिनाभराने बाईंनी पुन्हा बोलावलं. उत्तर नव्हतं. मी संध्याकाळी दुकान बंद करून गेले. बाईंचा कॉम्प्युटर संध्याकाळीच लागायचा, कारण दिवसभर त्या शेजारपाजारच्यांचं शिवण करायच्या. मी नको असलेल्या मेलचा खण उपसला, सगळ्या सेटिंग्ज तपासल्या, बाईंकडून बाईंनाच एक मेल पाठवला आणि लगेच टपाल आणायचं बटण दाबलं. टिंग! आला. पुन्हा पाठवला, पुन्हा आला. बाकी जाहिराती तर येतच होत्या, चपलांच्या, गाद्यांच्या, वजन कमी करायच्या.

“यंत्र ठणठणीत आहे, बाई,” मी म्हटलं.

बोलले आणि माझं मलाच कसंतरी झालं. यंत्र ठणठणीत, म्हणजे मग काय बिघडलंय? बाईंना ते माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी मान हलवली, फ्रॉकची घडी उलगडली, पुन्हा घातली. “असू दे,” म्हणाल्या. पहिल्यांदाच इतक्या हळू बोलल्या की मला ऐकायला पुढे वाकावं लागलं.

त्यानंतर निरोप आला तो थेट कॉम्प्युटर घेऊन जा असा. मी सकाळीच गेले. बाईंनी वायरी काढून गुंडाळून ठेवल्या होत्या, पडद्यावर कापड टाकलं होतं. फ्रॉक कुठे दिसत नव्हता.

“ने बाई हा. कोणाला हवा असेल त्याला दे. संध्याकाळ झाली की मी त्याच्यासमोर जाऊन बसते आणि तो मला गाद्या दाखवतो. बघवत नाही मला.”

“आणि उत्तर आलं तर?”

“तिला द्यायचं असतं तर आलं नसतं का? मनातून उतरले मी तिच्या.”

आता माझा स्वभाव वाईट. कोणी हात टेकले की मला चेव येतो. मी म्हटलं, “नेते, पण एकदा शेवटचं बघू द्या,” आणि सगळ्या वायरी पुन्हा खोचल्या. बाई वैतागून चहा टाकायला गेल्या. मी आलेल्या मेलची यादी वर-खाली करत बसले. गाद्या, चपला, गाद्या. आणि एकदम काहीतरी टोचलं. सगळ्या जाहिराती दुपारनंतरच्या किंवा रात्रीच्या. सकाळची एकसुद्धा नाही. गाद्यावाले काय सकाळी झोपतात?

मी बाईंकडून बाईंना एक मेल पाठवला. तेवढ्यात चहा झाला म्हणून हाक आली. या वेळी लगेच बटण न दाबता मी आत गेले, चहा प्यायले, बाईंची बोलणी खाल्ली. परत येऊन बटण दाबलं, तर काही नाही. पुन्हा दाबलं. नाहीच. गेलेल्यांच्या खणात मेल होता, म्हणजे तो गेला होता. आला मात्र नव्हता.

अरे देवा! तोपर्यंत माझे मेल का येत होते? कारण मी पाठवल्याबरोबर बटण दाबत होते, आणि तेही संध्याकाळी. मी हुशार ना!

“बाई!” मी ओरडले. “तुमचं टपाल येतंय! पण तुमच्याआधी दुसराच कोणीतरी पेटी उघडून घेऊन जातोय!”

बाईंनी हातातली बशी आदळली. “कोण मेला?”

“ते नाही माहीत. आधी कुलूप बदलू. पासवर्ड बदला.”

बाईंनी एकदम दोन्ही हात कीबोर्डवर झाकण घातल्यासारखे ठेवले. “तो नाही बदलायचा. तिने ठेवलाय. तिचं लाडाचं नाव आहे ते.”

“बाई, त्याच किल्लीने चोर आत येतोय.”

त्यांनी एकेक बोट उचलत हात मागे घेतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तोंड तिकडे कर.” मी भिंतीकडे तोंड केलं. एकेक अक्षर शोधत त्यांनी काहीतरी टाइप केलं. चोर कोण हे कळेना, गेलेली पत्रं कुठे आहेत हेही कळेना. नुसतं पुढचं टपाल सुरक्षित झालं, एवढंच. मी उतरताना मनातल्या मनात त्या चोराला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतेय तोच टपालकाका दारात.

“पोरी, जरा चल. माझा कॉम्प्युटर भीक मागायला लागलाय.”

“काय मागायला?”

“भीक! कालपासून बघतोय. डाव ऐन रंगात आला की मध्येच एक चौकोन येतो. पासवर्ड दे, पासवर्ड दे. मी म्हटलं, बाबा रे, माझ्याकडे नाही. त्याला घालवलं की थोड्या वेळाने पुन्हा हजर. भिकारी तरी एकदा नाही म्हटल्यावर पुढच्या दारात जातो.”

मी किल्ल्या तशाच कुलपात सोडल्या आणि धावले. खरंच धावले. मागून काका ओरडत होते, “अगं, एवढी घाई नाही, नुसते पत्तेच आहेत!”

पडद्यावर चौकोन होता आणि त्यात बाईंचा पत्ता. बाईंनी कॉम्प्युटर दिला, पण आतला मेलचा प्रोग्रॅम तसाच राहिला होता. कॉम्प्युटर सुरू झाला की तो मागच्या मागे जागा व्हायचा, बाईंच्या पेटीतलं टपाल काढून आणायचा आणि पेटी रिकामी करून ठेवायचा. दुपारी काका झोपायचे, तो बंद. मग गाद्या आणि चपला बाईंकडे.

“काका, पण याला इंटरनेटची वायर कोणी लावली? पत्त्यांना वायर कशाला लागते?”

“मी लावली.” काका जरा लाजले. “इमारतीत सगळ्यांकडे वायर टाकली ना, ती इथे लोंबकळत होती. आणि याच्या पाठीत एक खण रिकामा होता. जन्मभर टपाल खणात लावत आलोय पोरी. रिकामा खण दिसला की हात आपोआप जातो.”

मी कोपऱ्यात घड्याळाच्या आकड्यांशेजारी बोट टेकवलं. तिथे एक इवलंसं पिवळं पाकीट होतं.

“आणि हे कधीपासून दिसतंय?”

“ते?” काकांचा चेहरा उजळला. “ते पहिल्यापासून. सकाळी लावला की थोड्या वेळाने येतं. मला वाटलं, पोस्टमनला दिलाय म्हणून बाईंनी कौतुकाने बसवून घेतलंय. रोज त्याला नमस्कार करून डाव मांडतो मी.”

हसावं की रडावं! मी त्या पाकिटावर दोनदा टिचकी मारली. यादी उघडली. जाहिरातींच्या मध्ये मध्ये एकच नाव, पुन्हा पुन्हा. बाईंच्या लेकीचं. न उघडलेले मेल, ठळक काळ्या अक्षरांत. तिच्याकडे रात्र होते तेव्हा इथे सकाळ असते, म्हणजे ती लिहायला बसायची ती नेमकी काकांच्या डावाच्या वेळेला.

काकांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि हळूच पलंगावर बसले.

“हे बाईंचं टपाल आहे?”

“हो.”

“माझ्याकडे?”

मी यादीवरच्या पत्त्यावर बोट ठेवलं. काकांच्या तोंडावरचा रंगच उडाला. “गुडघाभर पाण्यातून पत्रं पोचवलीत मी,” ते म्हणाले. “कुत्रं चावलं त्या दिवशीसुद्धा फेरी पुरी केली. आणि पिशवी रिकामी करून दिली म्हणून गावभर मिरवतोय. ती वर रडतेय आणि मी इथे तिची पत्रं बुडाखाली घेऊन पत्ते कुटतोय!”

“काका, तुम्हाला काय माहीत—”

“पोस्टमनला माहीत नसतं, असं नसतं पोरी.”

मी म्हटलं, आत्ता एका मिनिटात वर पाठवते, बाईंच्या कॉम्प्युटरवर. काका ताडकन उठले. “माझ्या यंत्रातून? परत त्याच्याच हाती? नाही. हातात द्यायचं टपाल आहे, हातात जाईल.” मी एक मेल उघडायला गेले तर पडद्यासमोर आडवे आले. “नाव बघ, तारीख बघ. आतलं बघायचं नाही.”

“अहो, उघडल्याशिवाय छापू कशी?”

“ते तुझं तू बघ.”

मी यादीतूनच सगळे एकगठ्ठा पेन ड्राइव्हवर घेतले. ते बोटभर यंत्र काकांनी खाकी पिशवीत ठेवलं आणि पिशवीचं बटण लावलं. दुकानात छपाई होईपर्यंत ते माझ्या आणि प्रिंटरच्या मध्ये पाठमोरे उभे. प्रत्येक कागद उपडा उचलायचा, घडी करायची, पाकिटात घालायचा, चिकटवायचा, वर तारीख घालायची. जुनं सगळ्यात वर. गाद्यांच्या जाहिरातीही छाप म्हणाले, पत्ता बाईंचा आहे, पोस्टमनने निवड करायची नसते. तिथे मात्र मी हात जोडले. “काका, माझी शाई गाद्यांवर जाळू नका!” बऱ्याच वादानंतर ते कसेबसे कबूल झाले.

मग काका घरी गेले. कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून घातला, केस विंचरले, पिशवी खांद्याला लावली. आणि काय सांगू, ते कलायचेच थांबले. जिना असे चढले, की मला मागे धापा टाकाव्या लागल्या.

बाईंना बेल ऐकू येत नाही म्हणून दारामागे एक दिवा बसवलेला आहे. बेल दाबली की तो लागतो. काकांनी बटण दोनदा दाबलं. दार उघडलं.

“टपाल!” काका म्हणाले. ऐकू येणार नाही हे माहीत असूनही म्हणाले.

बाईंनी पाकिटांकडे बघितलं, मग काकांकडे. काकांनी मान खाली घातली. “उशीर झाला बाई. माझ्याकडून झाला. कसा ते ही सांगेल. आधी वाचा.”

बाई तिथेच, दारातल्या स्टुलावर बसल्या. कात्रीने पहिलं पाकीट उघडलं. आणि बहिरं माणूस वाचतं तसं, म्हणजे सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं, वाचायला लागल्या.

“आई, फ्रॉक मिळाला. टाके दिसत नाहीत, पण मला पाठ आहेत—”

पुढे त्यांना वाचवेना. मी काकांकडे वळले, तर काका जिन्याच्या पायरीवर उभे, दोन्ही कानांत बोटं घातलेली, डोळे गच्च मिटलेले. दुसऱ्याचं टपाल ऐकायचं नाही! मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी. काय माणसं असतात एकेक.

बाईंनी एकामागून एक पाकिटं फोडली. राग कधीच गेलाय. अजून रागावली आहेस का? आई, तुला सांगायचंय, मला दिवस गेलेत. फोन केला होता, तू कोण कोण करून ठेवून दिलास. आणि शेवटचं परवाचं. बाईंचा आवाज फाटला होता, पण थांबल्या नाहीत. “तू यावंस असं वाटतं. मोलकरीण म्हणून नाही, आई म्हणून. या आठवड्यात तुझं उत्तर नाही आलं तर मी समजेन, आणि दुसरी सोय करेन. तरी फ्रॉक जपून ठेव.”

“आठवडा कधी संपतो?” बाईंनी मला विचारलं. लहान मुलीसारखं.

“उद्या! उठा आधी!”

कधी नव्हे त्या बाई धावल्या. कीबोर्डवर एका बोटाने टकटक करत लिहिलं, मला दाखवलं नाही, आणि मीही बघितलं नाही, काकांची सवय लागली म्हणायची. “थांबा हो,” त्या दाराकडे बघून ओरडल्या, “उत्तर घेऊन जायचंय!” काका पुढे आले, पिशवीला हात लावून पडद्यासमोर अदबीने उभे राहिले. मेल आऊटबॉक्समध्ये पडला. क्षणभर तिथेच राहिला. मग खण रिकामा झाला.

“गेलं?” काकांनी विचारलं.

“गेलं.”

“नक्की?”

“नक्की, काका. पोचलंसुद्धा असेल.”

बाईंनी पलंगाखालची पेटी उघडून पिवळा फ्रॉक बाहेर काढला. उजेडात धरला, उलटा केला, शिवण ओढून बघितली. “दोन-चार टाके विरलेत,” म्हणाल्या. “नवे घालावे लागतील.” आणि सुईत दोरा ओवायला बसल्या. आम्ही दार लोटून घेतलं.

खालच्या पायरीवर येऊन काका थांबले. पिशवी खांद्यावरून काढली, उलटी केली, झटकली. कोथिंबिरीची एक वाळकी काडी पडली. आत हात घालून त्यांनी कोपरे चाचपले, दोन्ही.

“रिकामी आहे बघ,” ते म्हणाले. “आता झालो मी रिटायर.”